पांढरी पार्श्वभूमी (घरगुती)

वस्तूच्या मागे आणि खाली एकच सलग पांढरा कागद वळवून केलेली छायाचित्रणाची मांडणी. कागद भिंतीवरून टेबलावर उतरताना घडी पडू द्यायची नाही. वळण ऐसपैस राहिले की भिंत आणि टेबल यांमधली रेघ चित्रातून पुसली जाते. वाटीभर हळद किंवा पेढ्यांच्या बशीसाठी 22 × 28 इंची कार्डशीट, सेलोटेप आणि खिडकी एवढे पुरते. कागद चकचकीत नसावा.

उजेड बाजूने यावा. थेट ऊन पडत असेल तर खिडकीला बटर पेपर लावतात आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करतात. त्याने सावली फिकी होते. उत्तरेची खिडकी चांगली, हा सल्ला थंड देशांतल्या पुस्तकांतून आला आहे. सातारा सुमारे 17.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिथे भरदुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. पावसाळी ढग मात्र आयता बटर पेपरच.

कॅमेरा समोरचे दृश्य सरासरी करडे धरून उजेड मोजतो, म्हणून पांढरा कागद मळकट येतो. फोनवर वस्तूला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी. खिडकीच्या उजेडात ट्यूबलाइट किंवा पिवळा बल्ब मिसळू नये.

सातारा-सांगली भागात पांढरेपणाचे महत्त्व सजावटीपुरते नाही. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; दोन्हींच्या दरात रंग मोजला जातो. हिरवट बेदाणा फोटोत पिवळा दिसला तर गिऱ्हाईक वेगळाच माल समजते. पांढऱ्याचा समतोल रिकाम्या कागदावर आधी साधावा, कारण हळदीचा ढीग शेजारच्या कागदालाही पिवळी झाक देतो. काही कागद नीळ दिलेल्या धोतरासारखे निळसर असतात, ते टाळावेत.

मिरजेच्या तंबोऱ्यापुढे (मानांकन 2024) कार्डशीट तोकडी पडते. चार-पाच फुटी वाद्याला इस्त्री केलेली, दाट विणीची चादर वरून खाली सोडावी लागते. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर खिडकीच काय, फोन धरलेला माणूसही उमटतो. अशा वेळी वाद्य जरासे फिरवावे आणि छायाचित्रकाराने पांढरा सदरा घालू नये.