सांताक्रूझची गाठ

'इंटर्नल इलियाक आर्टरी' हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही. डॉक्टर मंडळी सोडली तर सहसा कुणी ऐकलेलं नसतं. हृदयातून निघालेली महाधमनी कमरेपाशी दुभंगते, त्या प्रत्येक फाट्याचे पुन्हा दोन होतात. बाहेरचा जातो पायाकडे. आतला, जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा, ओटीपोटात उतरतो आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय आणि कुल्ल्याचे स्नायू, सगळ्यांना रक्त पुरवतो. हीच ती. उजवीकडे एक, डावीकडे एक.

आता आमच्या धंद्यातला प्रश्न. एवढे क्लायंट असलेला सर्व्हर बंद केला तर काय होईल? आपण म्हणू, बोंब होईल. पण होत नाही! गंमत म्हणजे हे कळलं कसं, त्याची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

गोष्ट आहे सांताक्रूझची. वेस्टर्न लाइनवरचं नव्हे हो. कॅरिबियन समुद्रातलं, ज्याला आज सेंट क्रॉय म्हणतात. नावाचा अर्थ मात्र दोन्हीकडे तोच, पवित्र क्रूस. बेट डेन्मार्कचं, पण नेपोलियनच्या लढायांच्या धामधुमीत १८०७ ते १८१५ इंग्रजांच्या ताब्यात होतं. उसाचे मळे आणि त्यात राबणारे आफ्रिकन गुलाम. डेन्मार्कच्या कायद्याने गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद झाला होता, गुलामी मात्र तिथे १८४८ पर्यंत चालू राहिली.

विल्यम स्टीव्हन्स नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर तिथे प्रॅक्टिस करायचा. त्याच्याकडे माइला नावाची बाई आली. की आणली गेली? मूळची पश्चिम आफ्रिकेतल्या बांबारा मुलखातली, गुलाम. तिच्या कुल्ल्यात रक्तवाहिनीला फुगा आला होता, ज्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. नाडीबरोबर ठोके देणारी गाठ, आणि फुटली की संपलं.

त्या काळी अशा फुग्यावर दोन वाटा होत्या. एक, सरळ तिथेच कापून वाहिनी बांधायची. एडिंबराच्या जॉन बेलने जळवा पकडणाऱ्या एका माणसावर हे करून दाखवलं होतं, तो जगलाही, पण ते रक्ताचं थारोळं वाचतानाच अंगावर काटा येतो. दुसरी वाट जॉन हंटरची, १७८५ ची: फुग्याला हात लावू नका, वरच्या बाजूला नळ बंद करा. हंटरने हे मांडीत केलं होतं. स्टीव्हन्सला 'वरची बाजू' म्हणजे थेट ओटीपोटाच्या तळाशी.

२७ डिसेंबर १८१२. पोटाच्या खालच्या बाजूला चीर दिली, पोटाचं आतलं अस्तर न फाडता बोटांनी बाजूला सारलं आणि इंटर्नल इलियाक गाठली. भूल नाही, कारण ईथर यायला अजून ३४ वर्षं होती. जंतू वगैरे प्रकार कुणाला ठाऊकच नव्हता. गुलाम बाईला 'नको' म्हणायचा हक्क नव्हता, हेही इथेच लिहून ठेवतो. दोऱ्याची गाठ बसली, फुगा निवळला, माइला वाचली आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षं जगली.

पण खरंच तीच वाहिनी बांधली होती का? पहिल्यावहिल्या दाव्यावर शंका येणारच. माइला गेल्यावर तिच्या शरीराचा तो भाग लंडनला, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये पोचला. तिथल्या रिचर्ड ओवेनने (हाच तो, पुढे 'डायनोसॉर' शब्द बनवणारा) तो बारकाईने तपासला आणि १८३० मध्ये निबंध छापला. गाठ बरोबर जागी होती. त्या निबंधाच्या लांबलचक शीर्षकात डॉ. स्टीव्हन्स आहेत, आर्टरी आहे, सांता क्रूझ आहे, १८१२ सुद्धा आहे. माइला नाही. मला हे खटकतं, कारण दहा वर्षांचा तो पुरावा तिने स्वतः जगून दिला होता.

मग रक्त येतं कुठून? कमरेच्या, माकडहाडाच्या आणि आतड्याकडच्या वाहिन्यांच्या बारीक फांद्या या वाहिनीच्या फांद्यांना आधीपासूनच जोडलेल्या असतात. मुख्य वाट बंद झाली की गल्लीबोळातून उलटा प्रवाह सुरू होतो. अगदी फेलओव्हर! १८९० च्या दशकात बाल्टिमोरच्या हॉवर्ड केलीने गर्भाशयाच्या कॅन्सरचा रक्तस्राव थांबवायला दोन्ही बाजूंच्या बांधल्या. १९६० च्या दशकात बर्चेल या अमेरिकन डॉक्टरने मोजमाप केलं: दोन्ही बांधल्यावर पुढचे ठोक्याचे हेलकावे सुमारे ८५ टक्क्यांनी कमी होतात, पण प्रवाह फक्त निम्म्याने. म्हणजे धमनीत शिरेसारखं संथ रक्त वाहू लागतं, त्यामुळे ते गोठू शकतं आणि अवयवही उपाशी राहत नाहीत. अशा बायकांना पुढे मुलंही झाली आहेत.

बाळंतपणानंतर रक्त थांबतच नाही, औषधं हरली, गर्भाशयात फुगवलेला बलूनही हरला, तेव्हा गर्भाशय काढण्याआधीचा एक उपाय म्हणून ही गाठ आजही मारतात. दरवेळी यश येतंच असं नाही. जागाही बेकार अडचणीची: पुढून मूत्रनलिका, मागे पातळ भिंतीची शीर, शेजारी पायाची वाहिनी. म्हणून दोरा आवळण्याआधी वाहिनी बोटांत दाबून धरतात आणि जांघेतली नाडी लागतेय ना, हे बघून घेतात. लागली, तरच गाठ.