घर पाहावें बांधून : चारकोपच्या वसाहतीवरून कांहीं विचार

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं मुंबईची चाळ अस्तित्वांत नसावी. मुंबईंत मजुरी वा चाकरी करून राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या या म्हणीचा पूर्वार्ध अनुभवास न येतां निघून गेल्या. गांवाकडे घर असे, परंतु तें वाडवडिलांनीं बांधलेलें. मुंबईंत खोली असे, परंतु ती घरमालकानें बांधलेली. घर ही वारशानें मिळणारी किंवा भाड्यानें घ्यावयाची वस्तु, स्वतः उभारावयाची नव्हे, ही समजूत अशा रीतीनें हाडींमासीं खिळली होती. १९८५ नंतर मुंबईच्या वायव्य टोंकास, कांदिवलीच्या पश्चिमेकडील चारकोप येथें, अनेक कुटुंबांस तयार घराऐवजीं नुसता भूखंड देण्यांत आला आणि घर बांधण्याचें काम त्यांचें त्यांच्यावर सोंपविण्यांत आलें. परिचित जीवनक्रम सोडून नव्याचा अंगीकार करण्यास मनुष्य केव्हां सिद्ध होतो व केव्हां मागें सरतो, हा प्रश्न ज्यास पडला असेल त्यानें या वसाहतीचा इतिहास अवश्य पाहावा.

हा प्रश्न निघाला कीं बहुधा स्वभावाची चर्चा सुरू होते. अमका समाज साहसी, तमका स्थितिप्रिय; ज्याच्या अंगीं धमक असेल तो उंबरठा ओलांडतो, नसेल तो खोलीचा कोपरा धरून बसतो, असें म्हणणें सोपें आहे. मुंबईंतील मराठी माणसावर तर कोपरा धरून बसल्याचा आरोप वारंवार होत आला आहे. परंतु तो कोपरा त्यानें कां धरला हें पाहूं गेल्यास स्वभावापेक्षां परिस्थितीचेंच माप अधिक भरतें. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या खोल्यांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. टंचाईच्या काळांत भाडेकरूस संरक्षण देण्याचा त्यामागील हेतु योग्यच होता. पण परिणाम असा झाला कीं, खोली एकदां सोडली म्हणजे त्या भाड्यानें तशी खोली पुन्हां मिळण्याची आशा उरत नसे. भाडें गोठलें, आणि त्याबरोबर भाडेकरूहि जागच्या जागीं गोठला. कुटुंब वाढे, मुलांचीं लग्नें होत, पोटमाळा निघे, व्हरांड्यांत पथाऱ्या पडत. पण खोली सुटत नसे. याला भित्रेपणा म्हणावयाचें कीं हिशेब?

याहून बोलका दाखला बी. डी. डी. चाळींचा आहे. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत मुंबईंत विकास खातें स्थापन झालें आणि गिरणीकामगारांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यांत आला. खर्चाच्या भरपाईसाठीं कापसाच्या गांसडीमागें एक रुपया कर बसला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाइल रोड येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या; खोल्या सुमारें १६ हजार झाल्या. खोल्या काँक्रीटच्या आणि पक्क्या होत्या. तथापि वरळीच्या चाळींतील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षें ओस पडून राहिल्या. गिरणी दूर, बाजार दूर, आणि भाडें मजुराच्या खिशास जड. शिवाय ज्याच्या उधारीवर महिना निघावयाचा तो वाणी, ज्याच्या शब्दानें गिरणींत काम मिळावयाचें तो जॉबर, आणि ज्यांच्या आधारानें आजारपण काढावयाचें ते गांवकरी, हे सारे जुन्या वस्तींत राहिलेले. सरकारनें भिंती दिल्या होत्या. परंतु मजुराचें खरें घर या संबंधांचें बनलेलें होतें, आणि तें उचलून वरळीस नेतां येत नव्हतें. चांगली खोली नाकारणारा तो मजूर अडाणी नव्हता. काय गमवावें लागेल तें त्याला सरकारपेक्षां अधिक स्पष्ट दिसत होतें.

यानंतर साठ-पासष्ट वर्षांनीं आलेली चारकोपची योजना नेमक्या उलट बाजूनें निघाली. पेरू देशांतील गरिबांच्या वस्त्यांत काम केलेला इंग्रज वास्तुविशारद जॉन टर्नर यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, गरिबांस घर बांधतां येत नाहीं ही समजूत चुकीची आहे. त्यांस उणीव असते ती जमिनीची, पाण्याची आणि उद्यां कोणी उठवणार नाहीं या निर्धास्तपणाची. जागतिक बँकेनें १९७२ सालीं सेनेगलमध्यें डाकार येथें या धर्तीच्या योजनेस साहाय्य दिलें. पुढें मद्रासनें हा मार्ग चोखाळला, आणि १९८५ ते १९९४ या काळांत मुंबई नागरी विकास प्रकल्पाच्या रूपानें तो मुंबईस आला. १९७७ सालीं स्थापन झालेल्या म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणानें चारकोप, गोराई, मालवणी अशा खाडीकडच्या सखल भागांत भूखंड आंखले. हा सारा मुलूख १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेच्या हद्दींतहि नव्हता. गिरगांव-परळच्या माणसास तो परगांवासारखाच वाटला असल्यास नवल नाहीं.

योजनेची रचना साधी होती. रस्ते, पाणी, मलनिस्सारणाच्या नळ्या आणि दिवे सरकारनें पुरवावयाचे; शाळा व मैदानें यांसाठीं जागा आधींच राखून ठेवावयाच्या; मोठे भूखंड बाजारभावानें विकून त्या उत्पन्नांतून लहान भूखंडांचा भार हलका करावयाचा. लहान भूखंड पंचवीस चौरस मीटरांच्या आसपासचे, म्हणजे चाळींतील दीड-दोन खोल्यांएवढे. तीस-पस्तीस भूखंडांचा मिळून एक गट, मध्यें सामाईक अंगण, आणि गटाची एक सहकारी संस्था.

माझ्या मतें या योजनेचें मर्म असें कीं, तिनें कुटुंबास एकदम झेप घ्यावयास लावलें नाहीं. जोतें, भिंती आणि वर पत्रा एवढ्यावर संसार मांडतां येई. मुलगा मिळवता झाला, चार पैसे गांठीं जमले, कीं पुढची भिंत, मग वरचा मजला, अशीं घरें चढत गेलीं. एखादी चूक झाली तर ती पुढल्या खेपेस सुधारतां येई. गवंड्याशीं घासाघीस करणें, रेतीसिमेंटचा हिशेब ठेवणें, सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशीं समजुतीनें बोलणें, संस्थेच्या सभेंत मत देणें, या गोष्टी ज्यांनीं पूर्वीं कधीं केल्या नव्हत्या त्यांस त्या कराव्या लागल्या. चाळींत नळ बंद पडला तर घरमालकास बोल लावण्याची सोय असते; येथें ती सोय नव्हती, कारण मालक आपणच. नव्या जबाबदारीची भीति अशा रीतीनें हप्त्याहप्त्यानें फिटत गेली. दरम्यान जुन्या वस्तीचें बळहि ओसरलें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगांवाचें अर्थकारण पूर्वपदावर आलें नाहीं. ज्या आधारांसाठीं १९२० च्या दशकांतील मजूर वरळीस जाण्यास नाखूष होता ते आधारच आतां खिळखिळे झाले होते.

या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्याच्यापाशीं वीट घेण्यापुरतेहि पैसे नव्हते अशा अगदीं निर्धनास नुसत्या भूखंडाचा उपयोग होत नाहीं. कित्येकांनीं भूखंड विकले आणि ते अन्यत्र गेले. प्रकल्पाचें काम रेंगाळलें, घरें भराभर उठलीं नाहींत, आणि या जातीच्या योजना फसल्या असा निर्णय देऊन बँकेनें व सरकारनें त्यांकडे पाठ फिरविली. परंतु वीस वर्षांनंतर सुमिला गुल्याणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबई व मद्रास येथील या वसाहतींची पुन्हां पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. अपयशी ठरविलेल्या या वसाहती भरल्या-वसलेल्या, सोयींनीं युक्त, निरनिराळ्या प्राप्तीच्या लोकांच्या झाल्या आहेत, असें त्यांत आढळून आलें. घर हळूहळू बांधण्यास ज्यांस सांगितलें, त्यांची परीक्षा मात्र आपण घाईनें घेतली होती!

१९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेनें शासन पुन्हां तयार घराकडे वळलें. उंच इमारतींत मोफत खोली, आणि तिचा खर्च बांधकामव्यावसायिकानें बाजारांत विकावयाच्या घरांतून काढावयाचा, अशी ही व्यवस्था. मुंबईची जमीन किती तोकडी आहे हें पाहतां तिचीं कारणें समजण्यासारखीं आहेत. सर्वांस चारकोपसारखा भूखंड देणें शक्य नाहीं, हेंहि मान्य केलें पाहिजे. तरी तींत रहिवाशानें करावयाचें असें फारसें कांहीं उरत नाहीं. संमति द्यावयाची, तात्पुरत्या जागीं जावयाचें, आणि किल्ली मिळण्याची वाट पाहावयाची. जमिनीलगतच्या वस्तींतून वरच्या मजल्यावर जाणें हा केवढा मोठा पालट आहे! पण तो एका दिवसांत, आणि दुसऱ्याच्या हातानें होतो.

नव्यास सामोरें जाण्याचें धैर्य उपदेशानें येत नाहीं. ज्याला परतीची वाट नाहीं आणि पुढें उभें राहण्यास जागा नाहीं, त्यास साहसाचा महिमा सांगणें हें पोहतां न येणाऱ्यास कांठावरून शाबासकी देण्यासारखें आहे. वरळीच्या ज्या खोल्या एके काळीं मजुरानें नाकारल्या त्याच पुढें गजबजल्या, चार पिढ्यांच्या आठवणींचें घर बनल्या. २०२१ सालीं त्यांच्या पुनर्बांधणीस आरंभ झाला. म्हणजे आपलेपण जागेंत नसतें, वहिवाटीनें येतें. परंतु वहिवाट सुरू होण्यास पहिलें पाऊल टेंकावें लागतें. आमच्या म्हणीनें घर बांधणें ही मनुष्याच्या कर्तृत्वाची कसोटी मानली, आणि बांधणाराच्या पायाखालीं जमीन आहे हें गृहीत धरलें. मुंबईंत तें गृहीत धरतां येत नाहीं. चारकोपांत तेवढी जमीन मिळाली, आणि पुढचें घर लोकांनीं बांधलें.