महीनचे घोडे

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला एस्प्लनेडचा चौक फार काळ अनोळखी राहत नाही. या परिसरात शहराचे दोन आवाज शेजारी शेजारी नांदले. एका अंगास १८२८ साली उभारलेला आणि १९६९ पासून शहीद मिनार म्हणून ओळखला जाणारा मनोरा. त्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या सभांतील घोषणा बंगालीत होत. दुसऱ्या अंगास चौरंगीने दक्षिणेकडे चालत गेले की पार्क स्ट्रीट लागतो. १९६० आणि १९७० च्या दशकांत तेथील उपाहारगृहांत रात्री वाद्यवृंद वाजत आणि गाणी इंग्रजी असत. हे दोन आवाज एकाच गळ्यातून काढू पाहणाऱ्या एका मंडळीची ही हकीकत आहे.

'मोहीनेर घोडागुली', म्हणजे 'महीनचे घोडे', हे त्या मंडळीचे नाव. ते जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतलेले आहे. हे कवी १९५४ मध्ये याच शहरात ट्रामच्या धक्क्याने गेले. मंडळीचे प्रवर्तक गौतम चट्टोपाध्याय यांनी दोन्ही आवाज जवळून ऐकले होते. तारुण्यात त्यांनी पार्क स्ट्रीटवर इंग्रजी गाणी वाजविली. पुढे नक्षलवादी चळवळीत पडून त्यांनी कारावास सोसला आणि सुटकेनंतर काही काळ जबलपूर-भोपाळकडे काढला. परत आल्यावर भाऊबंद व मित्र जमवून त्यांनी १९७५ च्या सुमारास ही मंडळी उभी केली. गिटार, सॅक्सोफोन, व्हायोलिन आणि ढोल यांच्या जोडीस बाउलांची चाल आली. भाषा मात्र बंगालीच राहिली.

त्यांची रीत 'हाय भालोबाशि' या गीतात दिसते. कवी आपल्या आवडींची यादी सांगतो. तीत चांदणे आहे, होडी आहे, पिकासो, बीटल्स आणि बीथोवेनही आहेत. पण गावात आणि बंदरात घाम गाळणारी माणसे दिसताच त्याला यांतले काहीच गोड लागत नाही. चौरंगीची रसिकता आणि मिनाराखालची अस्वस्थता यांची गाठ अशी एका गाण्यात पडली आहे.

१९७७ ते १९७९ या काळात त्यांच्या तीन लहान तबकड्या निघाल्या. श्रोते तुटपुंजेच लाभले आणि १९८१ च्या सुमारास मंडळी विखुरली. 'ते काळाच्या पुढे होते' असे यावर सहज म्हटले जाते. परंतु हे उत्तर मला अपुरे वाटते. आपल्या संगीत नाटकानेही रागदारी, साकी, दिंडी आणि लावणी एकत्र आणली होती. पण १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ला रंगभूमी होती आणि तिकीट काढणारा प्रेक्षक होता. न्यूयॉर्क डॉल्स या भडक वेषातील अमेरिकन चमूची १९७३ ची पहिली तबकडीही फारशी खपली नाही. तरी पंक संगीताचे पूर्वज म्हणून त्यांना पुढे मान मिळाला, कारण त्यांच्या मागून तीच वाट चालणारे लवकरच आले. कलकत्त्यातील या मंडळीला मात्र घर नव्हते. पार्क स्ट्रीटला बंगाली गाणे नको होते आणि रवींद्रसंगीतावर पोसलेल्या घरांना हा गोंगाट नको होता.

१९९५ मध्ये गौतमबाबूंनी 'आबार बछोर कुडि परे' हा गीतसंग्रह कलकत्ता पुस्तकमेळ्यात आणला. मेळा तेव्हा एस्प्लनेडलगतच्या मैदानावर भरत असे. एव्हाना बंगालीत नव्या गाण्यांचे युग सुरू झाले होते आणि तरुणांनी हे संग्रह उचलून धरले. २० जून १९९९ रोजी गौतमबाबू निवर्तले. २००६ मध्ये त्यांच्या 'पृथिबीटा नाकि' या गीताची चाल 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातील 'भीगी भीगी'मधून देशभर पोचली. ती गुणगुणणाऱ्या बहुतेकांना महीनही ठाऊक नाही आणि घोडेही.

परमुलखात नोकरी करताना आपण त्या प्रांताची भाषा कामापुरती शिकतो. या मंडळीची गाणी ऐकल्यावर ते पुरेसे वाटत नाही. शहराचे मोठे आवाज चौकात आपोआप कानी पडतात; त्यांच्या मधला हा आवाज मात्र आपणहून शोधावा लागतो.