मागे राहिलेली बीजरोपे : पेंबर्टन यांचे गुलाब आणि कर्तृत्वाचा प्रश्न

1926 साली जोझेफ हार्डविक पेंबर्टन यांचे निधन झाले, तेव्हा एसेक्स परगण्यातील हॅव्हरिंग-ॲट-बोअर या गावी त्यांच्या वाफ्यांत नाव न मिळालेली अनेक बीजरोपे उभी होती. 'रॉबिन हूड' 1927 मध्ये आणि 'फेलिशिया' 1928 मध्ये बाजारात आला. दोन्ही गुलाब त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. साहित्याच्या अभ्यासकाला मरणोत्तर प्रकाशन नवे नाही. परंतु हस्तलिखित लेखकाच्या मृत्यूनंतर वाढत नाही, बीजरोप मात्र वाढत राहते. ते ठेवायचे की उपटून टाकायचे याचा निर्णय वारसदाराला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. संग्रहाच्या वारशातील कर्तृत्वाचा गुंता येथूनच सुरू होतो.

पेंबर्टन हे चर्च ऑफ इंग्लंडमधील धर्मसेवक. नॅशनल रोझ सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते आणि 1908 मध्ये गुलाबाच्या इतिहासावर व लागवडीवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. प्रदर्शनांत त्या काळी 'हायब्रिड टी' या वर्गाचे, लांब दांड्यावरच्या एकेकट्या मोठ्या फुलाचे राज्य होते. पेंबर्टन यांनी झुपक्यांनी आणि वारंवार फुलणारी, सुगंधी झुडपे घडवली. 'मूनलाइट' व 'डॅनी' हे 1913 चे गुलाब प्रथम हायब्रिड टी म्हणूनच सादर झाले. 'हायब्रिड मस्क' हे वर्गनाम नंतरचे. ते काहीसे फसवेही आहे. मूळ कस्तुरीगंधी गुलाबाचे रक्त या झुडपांत अनेक पिढ्यांपलीकडून आलेले आहे. शेक्सपिअरमुळे इंग्रजी कानाला ओळखीच्या झालेल्या 'मस्क रोझ'चे आकर्षणच या नावात अधिक दिसते.

पेंबर्टन यांनीही काम शून्यातून आरंभले नव्हते. त्यांच्या कितीतरी संकरांत पीटर लाम्बर्ट या जर्मन संकरकाने 1904 मध्ये आणलेला 'ट्रिअर' हा गुलाब जनक म्हणून आहे. 'ट्रिअर' हा 'अग्लाया'चा वंशज. 'अग्लाया'च्या एका बाजूला पूर्व आशियातील 'रोझा मल्टिफ्लोरा' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉइझेट' वर्गातील फ्रेंच गुलाब. त्या वर्गाची मुळे पुन्हा अमेरिकेतील चार्ल्स्टन शहरी झालेल्या, कस्तुरीगंधी आणि चिनी गुलाबांच्या संकरात. महायुद्ध संपले त्या वर्षी, 1918 मध्ये, पेंबर्टन यांनी एका पांढऱ्या गुलाबाला 'पॅक्स', म्हणजे शांती, हे लॅटिन नाव दिले. या इंग्रजी 'शांती'चा एक जनक जर्मन 'ट्रिअर' होता.

पेंबर्टन यांच्यानंतर त्यांची बहीण फ्लॉरेन्स यांनी 1929 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, काम चालू ठेवले. पुढची सूत्रे बागेत काम केलेल्या बेंटॉल कुटुंबाकडे आली. 'द फेअरी' (1932), 'बॅलेरिना' (1937) आणि 'बफ ब्यूटी' (1939) हे गुलाब त्यांच्या नावावर आहेत. यादीत बहुधा 'बेंटॉल' एवढेच आडनाव येते. ते जॉन यांचे की त्यांच्या पत्नी ॲन यांचे, हे त्यावरून कळत नाही. संकराचे प्रत्यक्ष काम ॲन यांचे होते, असे आता सामान्यतः मानले जाते. मराठी वाचकाला येथे 'नामा' या मुद्रेचे स्मरण व्हावे : नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या, कारण मुद्रेने नाव राखले, व्यक्ती राखली नाही.

'बफ ब्यूटी'बाबत शंका आणखी मागे नेली जाते. हे रोप पेंबर्टन यांच्याच वाफ्यातले असावे आणि बेंटॉल यांनी ते केवळ प्रसिद्ध केले असावे, असे सुचविले गेले आहे. या तर्काच्या बाजूने फुलाचा तोंडवळा आहे; विरुद्ध बाजूने कालगणना. बीजरोप पारखून, डोळे बांधून वाढवून बाजारात आणायला साधारण सात-आठ वर्षे पुरतात. येथे पेंबर्टन यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षे लोटली होती. पण तर्क खरा मानला तरी त्यातला 'केवळ' हा शब्द टिकत नाही. शेकडो रोपांतून एक राखणे आणि बाकीची टाकणे हे संकरकाच्या कामाचे निम्मे अंग आहे. पराग कोणी लावला एवढ्यावर कर्ता ठरवणारी नोंदवही माळ्याच्या नजरेला हिशेबात धरत नाही. ती नजर येथे एका स्त्रीची असण्याचा संभव मोठा आहे, म्हणून हा प्रश्न केवळ बागायतीचा राहत नाही.

'बॅलेरिना'चा पुढील वंश मात्र नोंदलेला आहे. इंग्लंडमधील हार्कनेस यांचा 'मार्जरी फेअर' (1978) तिच्यापासून झाला आणि बेल्जियममधील लुई लेन्स यांनी तिच्या आधारे हायब्रिड मस्कची नवी शाखाच उभी केली.

पेंबर्टन यांचा सर्वांत दूरवर पोहोचलेला वारसा परत जर्मनीला गेला. व्हिल्हेल्म कोर्डेस हे पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये रोपवाटिका चालवीत. युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते आयल ऑफ मॅनवरील छावणीत स्थानबद्ध होते आणि संकरशास्त्राचा अभ्यास त्यांनी तेथे केला. पुढे त्यांनी 'रॉबिन हूड' जनक म्हणून वापरला. त्यांचे पुत्र रायमर यांनी त्याच तांबड्या 'रॉबिन हूड'चा 'व्हर्गो' या पांढऱ्या गुलाबाशी संकर करून 1958 मध्ये एक शुभ्र गुलाब आणला. 1983 मध्ये जागतिक गुलाब महासंघाच्या सन्मानयादीत त्याचा समावेश झाला, आणि भारतातील बागांतही तो मुबलक दिसतो. त्याचे जर्मन नाव 'श्नेविटशेन', म्हणजे ग्रिम बंधूंच्या कथेतील हिमगौरी. फ्रेंचमध्ये तो 'फे दे नेझ', हिमपरी, झाला. इंग्रजीत आणि भारतीय रोपवाटिकांच्या पाट्यांवर तो 'आइसबर्ग' आहे.