डावीकडून उजवीकडे : स्वीडन-नॉर्वे सीमेवरील रहदारीच्या संकेताचा इतिहास

१

दोन शेजारी देशांच्या सीमेवर भाषा ज्या रीतीने पालटते, त्या रीतीने रहदारीचा नियम पालटत नाही. स्वीडन आणि नॉर्वे यांमधील सुमारे १६०० किलोमीटर लांबीची सीमा हे याचे उत्तम उदाहरण होय. या दोन देशांच्या भाषा परस्परांना बऱ्याच अंशी समजतात. १६४५ च्या तहाने स्वीडनकडे आलेल्या येम्तलांड प्रांताची बोली आजही पलीकडच्या नॉर्वेजियन बोलींशी नाते सांगते. एक भाषा नेमकी कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली, हे तेथे खांब रोवून दाखविता येत नाही. रस्त्याचे तसे नव्हते. १९६७ पर्यंत नॉर्वेतून स्वीडनमध्ये शिरणाऱ्या वाहनाला सीमेवर उजवी बाजू सोडून डावी बाजू धरावी लागे. तेथे मधली अवस्था नव्हती आणि असणे शक्यही नव्हते.

भाषा आणि रहदारी या दोन्ही गोष्टी संकेतावर चालतात, असे आपण सहज म्हणतो. परंतु दोन्ही ठिकाणचा संकेत एकाच जातीचा आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२

प्रथम इतिहास पाहू. स्वीडनमध्ये १७१८ साली, बाराव्या चार्ल्सच्या अमदानीत, उजवी बाजू विहित झाली होती. १७३४ मध्ये ती बदलून डावी करण्यात आली आणि पुढे दोनशे तेहेतीस वर्षे टिकली. डेन्मार्कने १७९३ मध्ये उजवी बाजू विहित केली. १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजसत्तेखाली असलेल्या नॉर्वेचा मार्गही उजवाच राहिला. १८१४ पासून १९०५ पर्यंत स्वीडन आणि नॉर्वे एका राजाच्या छत्राखाली होते. तथापि या एक्याण्णव वर्षांत दोन्ही देशांच्या रस्त्यांची बाजू काही एक झाली नाही. घोडागाडीच्या काळात या भिन्नतेची बाधा फारशी जाणवली नसावी. पूर्वेकडील फिनलंड १८०९ मध्ये स्वीडनपासून तुटून रशियाकडे गेला आणि १८५८ मध्ये त्यानेही उजवी बाजू पत्करली. अशा रीतीने भूसीमेवरील दोन्ही शेजारी एका बाजूस व स्वीडन दुसऱ्या बाजूस, अशी स्थिती निर्माण झाली.

मोटारीने हा प्रश्न तीव्र केला. स्वीडनमध्ये बाहेरून येणाऱ्या बहुतेक मोटारींचे सुकाणूचक्र डाव्या अंगास असे. १९२७ मध्ये व्होल्व्हो कंपनीने आपली पहिली मोटार काढली, तिचेही चक्र डावीकडेच होते. म्हणजे वाहनाची रचना उजव्या बाजूच्या देशाची आणि रस्ता डाव्या बाजूचा! असा चालक रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. पुढील वाहन ओलांडताना समोरून काय येत आहे हे त्याला नीट दिसत नाही. अरुंद रस्त्यावर यातून होणारे अपघात हा बदलाच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद ठरला.

तरीही लोकांना बदल नको होता. १६ ऑक्टोबर १९५५ रोजी घेतलेल्या सल्लादर्शक सार्वमतात ८२.९ टक्के मते डाव्या बाजूला पडली आणि उजव्या बाजूला केवळ १५.५ टक्के. असे असूनही मे १९६३ मध्ये संसदेने मोठ्या बहुमताने उजव्या बाजूचा निर्णय घेतला. लोकमताचा असा अव्हेर योग्य होता काय, हा वाद केवळ राज्यशास्त्राचा नाही. सार्वमतात प्रत्येकाने आपापल्या सवयीविषयी उत्तर दिले होते. रस्त्याच्या बाजूचे मूल्य मात्र तीत नसून, समोरून येणारा काय करील याच्या खात्रीत असते. आणि समोरून येणाऱ्यांत आता मतदार नसलेला परदेशी प्रवासीही होता.

३

बदलासाठी स्वतंत्र आयोग नेमण्यात आला आणि चार वर्षे लोकशिक्षण चालले. रविवार, ३ सप्टेंबर १९६७ हा दिवस ठरला. त्याचे नाव ‘दागेन हो’ म्हणजे ‘एच-दिवस’. उजवा या अर्थाच्या ‘हेगेर’ या स्वीडिश शब्दाचे ते आद्याक्षर. या दिवसाचे चिन्ह दुधाच्या पुड्यांवर आणि अंतर्वस्त्रांवरदेखील छापलेले असे. ‘उजवीकडेच राहा, स्वेन्सन’ अशा अर्थाचे एक गीत लोकप्रिय झाले. स्वेन्सन हे तेथील अगदी सामान्य आडनाव. आपण सोम्यागोम्या म्हणतो तसे. या शीर्षकात श्लेषही आहे, कारण स्वीडिश भाषेत चोरट्या प्रेमप्रकरणाला ‘डाव्या’ बाजूचे प्रकरण म्हणतात. ‘डावलणे’ हे क्रियापद नित्य वापरणाऱ्या मराठी वाचकाला या अर्थच्छटेचे नवल वाटू नये. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे : भाषेत डाव्याला कमी लेखणारे आपण आणि स्वीडिश लोक, दोघेही रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या डावीकडून चाललो. शब्दाची प्रतिष्ठा आणि रस्त्याची बाजू यांचा कार्यकारणसंबंध नाही, हे यावरून दिसते.

त्या रात्री एक वाजल्यापासून अत्यावश्यक वाहनांखेरीज रहदारी बंद होती. सुमारे ३,६०,००० फलक बदलावयाचे होते. त्यांतील पुष्कळसे आधीच उभारून झाकून ठेवलेले होते. चार वाजून पन्नास मिनिटांनी रस्त्यावरील प्रत्येक वाहन थांबले, सावकाश पलीकडच्या बाजूस गेले आणि पुन्हा थांबले. पाचच्या ठोक्याला रहदारी उजवीकडून सुरू झाली.

परिणाम अनपेक्षित होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, १२५ अपघातांची नोंद झाली. त्यापूर्वीच्या सोमवारी ही संख्या १३० ते १९८ यांच्या दरम्यान असे. या १२५ पैकी एकही प्राणघातक नव्हता. वाहनविम्याचे दावे सुमारे ४० टक्क्यांनी घटले. परंतु सहा आठवड्यांत ते पूर्वपदावर आले, आणि अपघाती मृत्यूंचे प्रमाणही दोन वर्षांच्या आत पूर्ववत झाले. याची उपपत्ती भाषाभ्यासकाला अवघड नाही. नव्याने शिकलेली भाषा मनुष्य जपून बोलतो. ती अंगवळणी पडली की तो निर्धास्त होतो.

४

त्याच १९६७ साली स्वीडनमध्ये दुसराही एक संकेत पालटत होता. तोवर तेथे परक्या व्यक्तीला संबोधण्याची रीत फार गुंतागुंतीची होती. तिचा हुद्दा किंवा पदवी घेऊन तृतीयपुरुषी बोलावे लागे. ‘नी’ हे आपल्या ‘तुम्ही’सारखे सर्वनाम होते, पण ते अनेकांना उद्धटपणाचे वाटे, आणि ‘दू’, म्हणजे ‘तू’, हे जवळच्यांपुरते होते. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेड हे राष्ट्रीय वैद्यकमंडळाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आपण सर्वांना ‘दू’ म्हणणार असल्याचे जाहीर केले. बदलाचा प्रारंभ त्यांनी केला असे नव्हे; ओघ आधीच सुरू झाला होता. परंतु येत्या काही वर्षांत ‘दू’ सर्वत्र रूढ झाले. त्यासाठी आयोग नव्हता, कायदा नव्हता, ठरलेली घटकाही नव्हती. जुनी व नवी रीत दीर्घकाळ एकाच कचेरीत शेजारी शेजारी नांदली. कोणी दुखावला असेल, कोणी संकोचला असेल. प्राणास मात्र कोणी मुकला नाही.

५

आपल्या परंपरेत मीमांसक शब्दार्थसंबंध नित्य मानतात व नैयायिक तो सामयिक, म्हणजे संकेतजन्य मानतात. सोस्यूरने चिन्हाची यादृच्छिकता प्रतिपादिली. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड ल्यूइस याने १९६९ च्या आपल्या ग्रंथात रस्त्याची बाजू आणि भाषा या दोहोंचा विचार संकेताच्या एकाच सिद्धान्ताखाली केला. यादृच्छिकतेपुरते हे साम्य खरे आहे. परंतु १९६७ चे स्वीडन त्याची मर्यादा दाखविते. रस्त्याच्या संकेतात पर्याय सहन होत नाही, म्हणून तो क्षणात आणि कायद्यानेच बदलावा लागतो. भाषेच्या संकेतात पर्याय सुखाने राहतात, म्हणून तो हळूहळू आणि बहुधा कायद्यावाचून बदलतो. जेथे रहदारी एकमेकींत मिसळत नाही तेथे रस्त्याच्या नियमालाही ही सवलत मिळते : स्वीडनमधील आगगाड्या बहुतांशी आजही डाव्या बाजूनेच धावतात.

संकेत ठरविण्यात सत्तेपेक्षा शेजार प्रबळ असतो, याचा दाखला आपल्याजवळही आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, पण गोवा, मकाव आणि मोझांबिक या त्याच्या वसाहती डावीकडेच राहिल्या, कारण त्यांचे भूसीमेवरील शेजारी डावीकडून चालत होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा राज्यकारभाराची भाषा बदलली. रस्त्याची बाजू बदलण्याचे कारणच उरले नव्हते. लिस्बनचा हुकूम सावंतवाडीच्या रस्त्यापुढे आधीच नमला होता.

भाषेचे नियोजन करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवणे इष्ट आहे. अमुक दिवसापासून अमुक शब्द, असा आदेश काढणारा भाषेला रस्ता समजतो. रस्त्यावर पाच वाजता सर्वांनी एकदम वळावेच लागते. भाषेत मात्र काही लोक आधी वळतात, काही मागाहून, आणि काही वळतच नाहीत. तरीही त्यांचे परस्परांशी बोलणे चालू राहते.