छायाचित्रकारांची गुरुपरंपरा

छायाचित्र यंत्र काढतें, मग त्याची रचना शिकावयाची ती कशाला, असा प्रश्न पुष्कळदां ऐकूं येतो. गवई गुरूपुढें वर्षानुवर्षें बसतो, चित्रकार थोरांच्या चित्रांवर हात बसवितो. पण कॅमेरा हातीं आला कीं मनुष्य गुरूवांचून तयार झाला, अशी समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील तीन छायाचित्रकारांची परंपरा आम्ही येथें तपासणार आहों.

पहिले ॲल्फ्रेड स्टीग्लिट्झ (१८६४-१९४६). 'कॅमेरा वर्क' हें नियतकालिक त्यांनीं १९०३ पासून १९१७ पर्यंत चालविलें. १९०५ सालीं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर उघडलेलें त्यांचें चित्रदालन '२९१' या घरक्रमांकानेंच प्रसिद्ध झालें. १९०७ सालीं युरोपास जातांना आगबोटीवर त्यांनीं 'द स्टीअरेज' हें चित्र घेतलें. वर व खालीं उतारूंची दाटी, मधून गेलेला पांढरा पूल, एका बाजूस झुकलेलें धुराडें तर दुसऱ्या बाजूस झुकलेला जिना, गवती टोपीचें वर्तुळ, कोणाच्या पाठीवर फुलीसारखे पडलेले पांढरे पट्टे! हें अमेरिकेंत येणाऱ्या परदेशी लोकांचें चित्र, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः बोट उलट दिशेस चालली होती. या आकारांच्या परस्परसंबंधानेंच आपणांस भुरळ घातली, असें स्टीग्लिट्झ पुढें सांगत.

दुसरे पॉल स्ट्रँड (१८९०-१९७६). शाळेंत असतां त्यांचे शिक्षक लुईस हाइन यांनीं वर्गास '२९१' दाखविलें, आणि मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढें स्ट्रँड आपलीं चित्रें घेऊन स्टीग्लिट्झ यांजकडे जाऊं लागले. मऊ, धूसर चित्र देणारें भिंग ते वापरीत. त्यामुळें गवत, पाणी, झाडाची साल सारीं एकाच द्रव्याचीं दिसतात, हा दोष गुरूनें दाखविला. स्ट्रँड यांनीं तो मोह सोडला. पिकासोप्रभृति चित्रकार चित्र कसें उभारतात हें समजून घेण्यासाठीं त्यांनीं १९१६ सालीं साधे वाडगे आणि ओसरीवरील सावल्या यांचीं चित्रें घेतलीं. त्यापूर्वींच्या, १९१५ च्या 'वॉल स्ट्रीट' या चित्रांत पेढीच्या भिंतींतील प्रचंड काळे चौकोन आहेत, व त्यांखालून लांब सावल्या ओढीत मुंगीएवढीं माणसें चाललीं आहेत. 'कॅमेरा वर्क'चा जून १९१७ चा अखेरचा अंक गुरूनें या शिष्याच्या चित्रांसच दिला.

तिसरे ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४). पियानोवादक व्हावें कीं छायाचित्रकार, या द्विधेंत असतां १९३० सालीं न्यू मेक्सिकोंतील टाओस येथें त्यांना स्ट्रँड भेटले. छापलेलीं चित्रें जवळ नव्हतीं. स्ट्रँड यांनीं निगेटिव्हच दाखविल्या. तेवढ्यानें ॲडम्स यांचा निश्चय झाला. १९३६ सालीं त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन खुद्द स्टीग्लिट्झ यांनीं आपल्या दालनांत भरविलें.

यांत ध्यानीं घेण्याजोगी गोष्ट ही कीं, कोणीं कोणाची नक्कल केली नाहीं. स्ट्रँड आगबोटींच्या मागें लागले नाहींत; ॲडम्स योसेमिटीचे कडे चित्रित करीत राहिले. त्यांनीं उचलला तो विषय नव्हे, तर पाहण्याचा कडकपणा.

वाचकांसही हा अभ्यास घरबसल्या करतां येईल. थोर चित्र समोर ठेवावें; डोळा प्रथम कोठें जातो, तेथून कोठें वळतो, चौकटीनें काय कापलें आहे, हें पाहावें. मग एकेक भाग बोटानें झांकावा. 'वॉल स्ट्रीट'मधील काळे चौकोन झांकतांच तीं माणसें केवळ वाटसरू उरतात. चौकोन उघडले कीं माणसांवरील धनसत्तेचें दडपण पुन्हां उभें राहतें. रचना म्हणजे अलंकार नव्हे, अर्थच होय, हें तेव्हां कळतें.

आज घरोघरीं कॅमेरा आहे आणि चित्रांस तोटा नाहीं. पण आजीच्या चेहऱ्यावरील एखादी कळा, मुलाचें पहिलें पाऊल हीं पुन्हां मिळत नाहींत. 'द स्टीअरेज'च्या वेळीं जवळ एकच कोरी कांच उरली होती, असें स्टीग्लिट्झ सांगत. अशा क्षणीं शिकावयास अवसर नसतो. जें पूर्वीं पाहून मुरलेलें असतें, तेंच उपयोगीं पडतें.