पाटी, हजेरी आणि रविवार : मिशनशाळेतील एका आठवड्याचा इतिहास

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या मराठी मुलाला सुट्टी मिळे ती तिथीने, वाराने नव्हे. वेदपाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. गावातल्या पंतोजींची शाळा इतकी कर्मठ नसे. तरी तिचेही लक्ष चंद्राच्या कलांकडेच असे. अमावास्या-पौर्णिमेला धूळपाटी बाजूला पडे, सणावाराला पंतोजींकडे शिधा पोचता झाला की मुले मोकळी होत. वार लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. सोमवार शंकराचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. आणि आठवडी बाजार तर वारावरच भरे. परंतु सातांतला एक दिवस सर्वांनी मिळून काम थांबवावे आणि उरलेले दिवस तासातासांनी वाटून घ्यावेत, ही कल्पना आपल्या बहुतेक खेड्यांत शाळेच्या दारातूनच पहिल्यांदा आत आली असावी असे मला वाटते.

मिशनशाळांच्या इतिहासाकडे आपण धर्मांतराच्या प्रश्नापलीकडे जाऊन फारसे पाहत नाही. किती बाटले, कोण बाटले, कोणी परत घेतले, यांतच चर्चा संपते. त्या शाळांचा दिवस कसा जाई, आठवडा कसा भरे, हजेरीपटावर कोणाच्या नावामागून कोणाचे नाव येई, हे प्रश्न किरकोळ समजले जातात. माझ्या मते खरा झगडा बायबलच्या तासाइतकाच या किरकोळ गोष्टींत होता.

आरंभापासून पाहू. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल १८१३-१४ च्या सुमारास मुंबईत आले, आणि १८१५ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा सुरू झाल्या. या शाळांत शिकवायला माणूस कोठून आणायचा? ख्रिस्ती शिक्षक नव्हतेच. तेव्हा पगार देऊन हिंदू शिक्षकच नेमले गेले, आणि त्यांत ब्राह्मण पंतोजीही होते. दृश्य मोठे विलक्षण आहे. स्नानसंध्या करून आलेला पंतोजी मुलांकडून ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली घोकून घेतो आहे, आणि मिशनरी साहेब मधूनमधून येऊन मुलांची उत्तरे तपासतो आहे. पंतोजीचा त्या उत्तरांवर विश्वास नाही. साहेबाचा पंतोजीवर नाही. तरीही शाळा चालते, कारण पंतोजीला नोकरी हवी, साहेबाला मुले हवीत आणि पालकांना अक्षर-हिशेब हवा. आपल्या आधुनिक शिक्षणाचा जन्म श्रद्धेपेक्षा अशा तडजोडीतून झाला, हे मान्य करायला दोन्ही बाजूंचे चरित्रकार नाखूश असतात.

तडजोड मोडली की शाळा ओस पडे. १८३९ मध्ये मुंबईत दोन पारशी विद्यार्थ्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा मिशनशाळेतून मुले काढून घेण्याची लाटच आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या स्वाधीन झाला, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. तिने ब्राह्मण समाज दुभंगला. पालकांची भीती निराधार नव्हती, हे स्पष्टच लिहायला हवे. मुलगा अक्षर शिकायला पाठवला आणि तो घराबाहेरचा झाला, ही घटना संख्येने थोडी, पण एकेका घराला उद्ध्वस्त करणारी होती.

अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मिशनचे ठाणे १८३१ मध्ये उभे राहिले. सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या. अविवाहित, शिक्षणकार्यासाठीच पाठवलेल्या. १८३९ मध्ये त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली. पुढे १८४८ मध्ये पुण्यात जोतीरावांची शाळा निघाली. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फॅरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांची नावे जोडली जातात. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये छापला गेला तो मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात. शाळा मिशनची नव्हती, कागद मिशनचा होता. ही देवाणघेवाण आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीच्या पुढे जात नाही.

मुक्ताच्या निबंधाच्या दुसऱ्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. प्रकरण वरपर्यंत गेले, कागद पुष्कळ फिरले, मुलगा मात्र बाहेरच राहिला. सरकारी शाळेचे दार कायद्याने उघडे आणि व्यवहाराने बंद असण्याच्या त्या काळात मिशनशाळेतला हजेरीपट वेगळ्या अर्थाचा होता. नाव पुकारायचे, मुलाने ‘हजर’ म्हणायचे. नाव कोणाचे आहे यावर आवाज बदलायचा नाही. तत्त्व एवढेच. प्रत्यक्षात मिशनशाळांतही बसण्यावरून तंटे होत, सवर्ण पालक मुले काढून नेत, आणि मिशनरी कधी ठाम राहत तर कधी मुले टिकावीत म्हणून निराळ्या रांगा, निराळ्या शाळा पत्करत. त्यांना सरसकट समतेचे दूत ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही.

आता वऱ्हाडाकडे येतो. आसेगाव आज वाशीम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात आहे. जिल्हा १९९८ चा. परंतु इंग्रजी अमदानीतही वाशीमचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला गेला आणि त्याचा वाशीम-मंगरूळकडचा भाग अकोल्यात घातला गेला. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा मुलूख. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन काम करीत होते. वाशीमला मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते; पुढे ते नाझरीन मंडळीकडे आले, आणि वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय याच मंडळीचे. पश्चिमेला जालन्याजवळ त्याच नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथे आलेल्यांत मांग समाजातील कुटुंबे बरीच होती. ब्राह्मण घरातून तुटलेला मुलगा मांगवाड्यातल्या मुलांसाठी गाव वसवतो, ही गोष्ट कादंबरीकारांच्या नजरेतून कशी निसटली कोण जाणे.

वऱ्हाडातल्या मिशनशाळांना मुले मिळाली ती मोठ्या प्रमाणात दुष्काळाने. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे ‘छप्पन्या’ म्हणत. आईबाप गेलेली, सोडून दिलेली मुले मिशनच्या अनाथालयांत आली. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे आधी भाकर आणि मग पाटी. या मुलांना निवडीचे स्वातंत्र्य किती होते, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर देताना भाकर कोणाकडे होती आणि कोणाकडे असूनही दिली गेली नाही, हाही हिशेब मांडावा लागतो.

अशा शाळेतला दसरा-दिवाळीदरम्यानचा एक आठवडा डोळ्यांसमोर आणून पाहा. वऱ्हाडात हा वेचणीचा काळ. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत, १८६१ ते १८६५ मध्ये, इथल्या कापसाला भाव चढला आणि कापूस हेच या मुलखाचे नशीब होऊन बसले. बोंडे फुटली की पहिल्या वेचणीला शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि बायका ओटी बांधून ओळीने वेचायला लागतात. मजुरी वजनावर. आठ वर्षांच्या मुलाचे हात बोंडापर्यंत सहज पोचतात, त्याला वाकावे लागत नाही. त्याने वेचलेले आईच्या गाठोड्यात जाते. सोमवारी हजेरी घेणाऱ्या मास्तरांपुढे खरा प्रतिस्पर्धी असतो तो हा. धर्म नव्हे, कापूस. अनुदान हवे तर सरकारी तपासनिसापुढे पटावरची मुले उभी करावी लागत, कारण १८५४ च्या खलित्यानंतर मिशनशाळाही सरकारी अनुदानाच्या व्यवस्थेत आल्या. म्हणून मास्तर संध्याकाळी वाड्या-वस्त्यांवर फिरून मुले मागत. बाजाराच्या वारी तर निम्मा वर्ग रिकामा. त्या दिवशी मजुरीचे पैसे हातात येतात, आणि मूल मीठ-मिरची उचलायला लागते.

जी मुले येत त्यांना काय मिळे? प्रार्थना, गीत, बायबलमधली गोष्ट, मग वाचन, लेखन, पाढे. पंतोजींच्या शाळेत पाढे, पावकी-निमकी आणि मोडी अक्षर यांवर सगळा भर. छापील पुस्तक तिथे जवळजवळ नव्हतेच. मिशनशाळेने उलटा क्रम धरला. प्रॉटेस्टंट पंथाला माणसाने स्वतः वाचलेले हवे असते, त्यामुळे बालबोध अक्षरातले पुस्तक मुलाच्या हातात देणे ही त्या धर्माचीच गरज होती. या गरजेतून निघालेल्या मराठी गद्याची चेष्टा खूप झाली. ‘पाद्री मराठी’ हा शब्द आपण अजूनही वापरतो. पण बेळगावच्या मिशनशाळेत शिकलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण वर्गात तेच शिकवतो. दुपारी मुलींना शिवणकाम असे. आज ते घरकोंडीचे शिक्षण वाटेल. शिवता येणारी मुलगी चार पैसे स्वतः मिळवू शकत होती, हेही खरे.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजायची ही जुन्या शाळांची रीत. मिशनच्या वर्गात ती बसणारी नव्हती. एकाच पाटीचे हे दोन अर्थ त्या मुलांनी कसे पेलले असतील, याचा विचार व्हायला हवा. घरी फुले वाहिलेली पाटी दुसऱ्या दिवशी शाळेत ओल्या फडक्याने पुसायची आणि तिच्यावर दहा आज्ञांतली एक लिहायची. मुले मोठ्यांपेक्षा अशा गोष्टी सहज घेतात. संकट पडते ते मोठ्यांना.

याच ऋतूत, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. आपण काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिगृहशाळेत शिकवत होतो, असे त्यांनी त्यात नोंदवले आहे. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी. अभ्यासक्रमात त्यांना मोडी आणि बालबोध दोन्ही हवे होते. हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, नीती आणि आरोग्य हवे होते. या यादीत पंतोजींची शाळा आहे, मिशनची आहे आणि दोघींना न सुचलेली शेतीही आहे. वेचणीच्या दिवसांत मूल शाळेत का येत नाही हे ज्याला ठाऊक होते, त्या माणसाने केलेली ही यादी आहे.

राहिला रविवार. सरकारी कचेरीचा रविवार नुसताच रिकामा. मिशनचा रविवार भरलेला. सकाळी शब्बाथशाळा, मुलांना हजेरीबद्दल चित्रांची कार्डे, मग उपासना. आरंभीच्या भाषांतरित गीतांच्या जागी पुढे नारायण वामन टिळकांची भजने आली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि मराठी ख्रिस्ती मंडळीच्या रविवारला तुकारामाच्या वळणाचा अभंग मिळाला. इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. बहुजनांचा रविवार आधीच खंडोबाचा असल्याने तो परका वाटण्याचे कारण नव्हते. शाळेतला रविवार मात्र पुढे आपल्या मुलांपर्यंत पोचला तो कचेरीचाच, रिकामा. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद २८ अन्वये अनुदानित शाळेतील धर्मशिक्षण आणि उपासना विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवर सोपवली. १८४३ मध्ये ज्या प्रश्नाने मुंबई हादरली होती त्याचा कायद्याने लावलेला हा निकाल.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीचा सण असतो. त्याला तिथी नाही. पीक घरात आले की मंडळी एखादा रविवार ठरवते. त्या दिवशी वेदीपाशी ज्वारीची कणसे, कापूस, भोपळे, कोंबडीसुद्धा येते, आणि उपासना झाल्यावर या वस्तूंचा लिलाव पुकारला जातो. वेचणीसाठी शाळा बुडवलेले मूल त्या रविवारी पुढच्या रांगेत बसते. त्याने वेचलेला कापूसही त्या ढिगात असतो, आणि त्यावर बोली लावणाऱ्यांत कधी कधी त्याचे मास्तरही असतात.